लेव्ही फुटते, की लेव्ही द्यावी लागते?

गंगथडी मास्तर

मंडळी, एका शब्दावर अडलोय, मदत करा.

मी गंगाखेड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. शाळेच्या व्हरांड्यातून गंगा दिसते. (बाहेरच्यांसाठी सांगतो, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो आणि तिच्या काठचा मुलूख म्हणजे गंगथडी.) आठवीला नदीचं कार्य शिकवताना दरवर्षी हीच नदी दाखवतो. यंदा वाटलं, पोरांना लांबची एखादी मोठी नदीही कळावी. म्हणून अमेरिकेतल्या मिसिसिपीचा १९२७ चा महापूर घेतला. फळ्यावर लिहिलं, ‘२१ एप्रिल १९२७ रोजी माउंड्स लँडिंग इथं लेव्ही फुटली.’ लेव्ही म्हणजे नदीच्या काठाकाठानं घातलेला मातीचा उंच बांध, एवढं तोंडी सांगितलं आणि पुढं गेलो.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी उभी राहिली. “सर, आमचे आबा म्हणतेत लेव्ही फुटत नसती. लेव्ही द्यावी लागती. त्यायनी दिलती, ज्वारीची.”

मी गप्प झालो, कारण आबांचं बरोबर आहे. माझ्या वडिलांच्या तोंडीही लेव्ही म्हणजे सरकारनं जमिनीच्या मानानं शेतकऱ्याकडून ठरल्या भावात घेतलेलं धान्य. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं आहे, पण उच्चार तोच आणि देवनागरीत तर दोन्ही अगदी सारखेच.

तर प्रश्न दोन. हे दोन शब्द एकाच आईचे, की नुसते सारखे दिसणारे? आणि नदीच्या लेव्हीला मराठीत काय लिहू? भूगोलाच्या पुस्तकात ‘पूरतट’ आहे. पेपरात बिहारच्या बातम्यांमुळं ‘तटबंध’ येतो. शब्दकोशात नुसतं ‘बांध’. पण ‘बांध’ म्हटलं की माझ्या वर्गाच्या डोळ्यांपुढं शेताचा बांध येतो, नदी येत नाही.

अंबानगरी

मास्तर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते. मी अंबाजोगाईत कॉलेजवर इंग्रजी शिकवते आणि हा शब्द माझ्या फार आवडीचा आहे.

दोन्ही एकाच आईचे. फ्रेंचमध्ये ‘लव्हे’ म्हणजे उचलणे, उभे करणे. त्याचं स्त्रीलिंगी रूप झालं ‘लव्हे’च, पण लिहिताना वेगळं: उचललेली, उभी केलेली. फ्रेंचांनी १७१८ मध्ये मिसिसिपीच्या मुखाजवळ न्यू ऑर्लिन्स वसवलं. नदी दरसाल गावात शिरायची, म्हणून पुढच्या काही वर्षांतच काठावर माती उचलून तिचा उंचवटा केला. उचललेली म्हणून लेव्ही. तिथल्या फ्रेंचांकडून शब्द इंग्रजीत गेला. पुढं त्या नदीवरच्या शहरांत जहाजं जिथं लागायची त्या धक्क्यालाही लेव्ही म्हणू लागले, कारण धक्का त्या उंचवट्यावरच असायचा.

आबांची लेव्ही याच्या कितीतरी आधी इंग्रजीत आलेली. तीही तीच ‘उचललेली’, फक्त माती नव्हे तर कर आणि सैन्य. राजानं कर उचलला, माणसं उचलली. २३ ऑगस्ट १७९३ ला फ्रान्सच्या क्रांतिकारी संसदेनं सगळ्या देशाला लढाईसाठी उभं राहण्याचा हुकूम काढला, त्याचं नावही ‘लव्हे आं मास’, म्हणजे सगळ्यांना एकदम उठवणं. टपालपेटीतली पत्रं काढून नेणं, पत्त्यांच्या डावात जिंकलेला हात उचलणं, फ्रेंचमध्ये या दोन्हींनाही लव्हे म्हणतात.

तिसरी एक लेव्ही आहे, तिचं थोडक्यात सांगते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई सकाळी झोपेतून उठायचा तेव्हा दरबारी मंडळी त्याच्या शयनगृहात हजर राहायची. आधी जवळची थोडी, मग बाकीची. राजाचं ते उठणं म्हणजे ‘लव्हे’. आपल्याकडं पहाटे काकड्याला देवाला उठवताना लोक उभे असतात, ते डोळ्यांपुढं आणा. इंग्रजांनी त्याचा पुरुषांपुरता दरबार केला आणि ‘लेव्ही’ नाव ठेवलं. इथले व्हाइसरॉयही अशा लेव्ही भरवायचे. जॉर्ज वॉशिंग्टन दर मंगळवारी दुपारी भरवायचा. पुढं अध्यक्ष झालेल्या जेफरसननं ती प्रथा बंद केली. कॅनडात १ जानेवारीला अजून भरते.

औसा रोड

मॅडम, माफ करा, पण मला वाटायचं हे ‘लेव्हल’वरून आलंय. नदीची लेव्हल वाढू नये म्हणून लेव्ही. आमच्या मांजरेवर बॅरेज झाले तेव्हा सगळे इंजिनिअर लेव्हल लेव्हलच करत होते.

अंबानगरी

वाटणं साहजिक आहे, पण लेव्हलचं घराणं निराळं. लॅटिनमध्ये ‘लिब्रा’ म्हणजे तराजू. त्याचं लहान रूप ‘लिबेला’, गवंड्याचं पातळी बघायचं साधन. तिथून लेव्हल. उचलण्याच्या घरातले म्हणायचे तर लीव्हर म्हणजे तरफ, एलिव्हेटर, आणि पूर्वेकडच्या भूमध्य किनाऱ्याला म्हणतात तो लेव्हंट, म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू.

औसा रोड

समजलं. लेव्हीवरून आमच्या लातूरकडची भर घालतो. कारखान्यात लेव्ही साखर हा रोजचा शब्द होता. कारखान्यानं उत्पादनातला ठरलेला हिस्सा सरकारी भावानं रेशनसाठी द्यायचा. ते २०१३ मध्ये संपलं. माथाडी मंडळाची लेव्ही मात्र चालू आहे, मजुरीच्या वर मालकानं भरायची. आणि म्हातारी माणसं निजामाच्या काळातल्या लेव्हीबद्दल सांगायची. महायुद्धापासून हैदराबाद संस्थानात धान्याची सक्तीची लेव्ही होती. १९४७-४८ च्या लढ्यात करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके मोडणं, शिंदीची झाडं तोडणं आणि लेव्ही न देणं हे सगळं बरोबरीनं चाललं. मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीचे आबा शब्दाच्या बाबतीत एवढे ठाम का, ते यावरून लक्षात येईल. त्यांच्यासाठी तो घरातली कणगी रिकामी करणारा शब्द आहे.

माजलगावची लेक

अंबानगरीताई, तुमचा मजकूर वाचून मला रात्री झोप लागली नाही. खरं सांगते.

माती उचलली तरी तोच शब्द, पैसा उचलला तरी तोच, माणसं उठवली तरी तोच. हे तर आमच्या घरात चालतं! माझे आई-वडील पंधरा हंगाम ऊसतोडीला गेले. पावसाळ्यातच मुकादम गावात येतो आणि कोयत्यामागं पैसे देतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्या पैशाला काय म्हणतात? उचल. “किती उचल घेतली?” “उचल फिटली का?” आमच्या आयुष्याचा हिशेबच या एका शब्दानं व्हायचा. दसऱ्यानंतर टोळी निघाली की फड, गाडी, थंडी, सगळं त्या उचलीपायी. लेव्ही म्हणजे उचल, हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर मी इंग्रजीला घाबरले नसते.

आणि उठाव. १८५७ चा उठाव म्हणतो आपण. पण आडतीवर वडील म्हणायचे, “यंदा कापसाला उठाव नाही.” बंड करणं पण उठाव आणि गिऱ्हाईक लागणं पण उठाव. त्या फ्रेंच लोकांनी उठण्या-उचलण्यातून जेवढं काढलं तेवढं आपणही काढलंय, फक्त नदीचा बांध तेवढा राहिला.

अंबानगरी

ताई, मी वीस वर्षं हा शब्द शिकवते आणि ‘उचल’ माझ्या कधी डोक्यात आली नाही. उद्यापासून वर्गात हेच सांगणार. तुमच्या आई-वडिलांना नमस्कार.

शब्दवेल्हाळ

या सगळ्याच्या मुळाशी संस्कृत आहे हे कुणी का सांगत नाही? लॅटिनमध्ये ‘लेविस’ म्हणजे हलका. तो आपल्या ‘लघु’चा अपभ्रंश. म्हणजे लेव्ही शब्द इथूनच गेला.

अंबानगरी

नातं आहे, पण बाप-लेकाचं नाही, चुलत भावाचं. ‘लेविस’ आणि ‘लघु’ हे दोघंही त्याहून जुन्या एका भाषेतून आले, जिचं लिखाण कुठंच उरलेलं नाही. अपभ्रंश असता तर मधल्या पायऱ्या दिसल्या असत्या, ‘लघु’ची प्राकृतातली रूपं दिसतात तशा. ‘लघु’चं प्राकृतात ‘लहु’ झालं, त्यात अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलु’, आणि त्यातून आपले हळू आणि हलका. तिकडं लेविसपासून ‘लेवारे’, हलकं करणं म्हणजेच वर उचलणं, आणि तिथून लेव्ही. म्हणजे मिसिसिपीची लेव्ही आणि आपण बाळाला उचलताना म्हणतो तो ‘हळू’ हे दूरचे भाऊबंद आहेत.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग सांगते. लॅटिनमध्ये लेविसच्या उलट ‘ग्राविस’, म्हणजे जड. तो आपल्या ‘गुरू’चा चुलत भाऊ. वृत्तं शिकताना लघु-गुरू लघु-गुरू करत बोटं मोडायचो ना, तीच जोडी तिकडं लेविस-ग्राविस.

शब्दवेल्हाळ

हे मला ठाऊक नव्हतं. चूक दुरुस्त केल्याबद्दल आभार. लघु-गुरूची जोडी फारच सुंदर.

पाटकरी

मास्तरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडं वळतो. मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली, पैठणपासून खाली नांदेडपर्यंत. नदीच्या लेव्हीला मराठवाड्यात रुळलेला शब्द का नाही, याचं कारण भाषेत शोधू नका, जमिनीत शोधा.

आपली गोदावरी दख्खनच्या काळ्या दगडातून वाहते. तिनं आपलं पात्र खोल कापलेलं आहे. काठ उंच, नदी खाली. पूर आला तर नाल्यांतून उलटा चढतो, सखल भागात पसरतो, पण बहुतेक वेळा नदी आपल्या पात्रातच असते. त्यामुळं काठानं मैलोन्‌मैल माती घालायची वेळ इथं कुणावर आली नाही. आपल्याला पाणी बाहेर ठेवायचं नव्हतं, अडवायचं होतं. म्हणून आपले सगळे शब्द आडव्या बांधकामाचे: बंधारा, धरण, केटीवेअर (कोल्हापूर पद्धतीचा बंधारा), बॅरेज. जायकवाडीचं धरण मातीचंच आहे, लांबी दहा किलोमीटरच्या आसपास, दरवाजे २७. पण ते नदीला आडवं आहे. (नावाबद्दल जाता जाता: जायकवाडी हे बीड जिल्ह्यातल्या गावाचं नाव. मूळ धरण तिथं व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव तेच राहिलं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण.)

मिसिसिपीचं बरोबर उलटं. सपाट प्रदेश, गाळाची जमीन. पूर काठावरून बाहेर पडला की पाण्याचा वेग एकदम मंदावतो. मग जड वाळू काठालगतच बसते आणि बारीक गाळ पुढं लांब जातो. हजारो वर्षं असं झालं की काठ चढत जातो आणि मागची जमीन खाली राहते. ही निसर्गानं घातलेली लेव्ही. पुस्तकातला ‘पूरतट’ तो हाच आणि त्या अर्थानं शब्द चांगला आहे. न्यू ऑर्लिन्सची जुनी फ्रेंच वस्ती अशाच पूरतटावर आहे. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळात शहराच्या लेव्ही आणि कालव्यांच्या भिंती पन्नासहून जास्त ठिकाणी फुटल्या, शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. जुनी वस्ती मात्र बरीचशी कोरडी राहिली. तीनशे वर्षांपूर्वी घरं कुठं बांधावीत हे नदीनंच दाखवून दिलं होतं.

माणसानं त्या पूरतटावर आणखी माती चढवली. इथं खरी गोष्ट सुरू होते. लेव्ही उंच केली की नदीला पसरायला जागा राहत नाही, तेवढंच पाणी अरुंद वाटेनं जातं, म्हणून आणखी चढतं. मग लेव्ही आणखी उंच करा. १९२७ पर्यंत तिथल्या सरकारी इंजिनिअरांचं धोरण हेच होतं, फक्त लेव्ही, दुसरं काही नाही. त्या साली नदीनं ते मोडून काढलं. सहा लाखांहून जास्त लोक घरदार सोडून निघाले. न्यू ऑर्लिन्स वाचवायला खाली कार्नार्व्हन इथली लेव्ही सुरुंग लावून मुद्दाम उडवली, म्हणजे शहरासाठी खालची गावं बुडवली. त्यानंतर शहाणपण आलं आणि १९३१ मध्ये बॉनेट कॅरे इथं नदीला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, काढून दिला. सांडवा नसलेलं तळं आपल्या इथला अडाणी माणूसही बांधत नाही. ते कळायला त्यांना एवढा पूर लागला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मातीचं काम फुटतं कसं, तेही पोरांना सांगा. वरून पाणी गेलं तर फुटतं, पण बऱ्याचदा आतूनही फुटतं. घुशीचं बीळ, कुजलेलं मूळ, यातून पाझर सुरू होतो. पाझराचं पाणी स्वच्छ आहे तोवर धोका कमी, नजर मात्र ठेवायची. ते गढूळ यायला लागलं की समजायचं, आतली माती निघाली. मग पळायचं.

देगलूरचा वारा

पाटकरी काका, ‘पाझराचं पाणी गढूळ झालं की पळायचं’ हे आमच्या तळ्यावरचे लोकही म्हणतात.

आमच्याकडं देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात अर्धं गाव तेलुगू बोलतं. तेलुगूत तळ्याच्या बांधाला ‘कट्टा’ म्हणतात आणि ‘कट्टु’ म्हणजे बांधणे, गाठ मारणे. कन्नडमध्ये ‘कट्टे’. आपण मराठीत ज्या कट्ट्यावर गप्पा मारत बसतो तो तिकडूनच आलेला. म्हणजे फ्रेंच माणसानं तो उंचवटा बघितला आणि म्हणाला, ‘हे उचललंय’. आपण आणि आपले शेजारी दोघंही म्हणालो, ‘हे बांधलंय’. पाण्याला दोरी लावल्यासारखं.

अंबानगरी

अगदी. ‘बांध’ हा ‘बन्ध्’ धातूचा, गाठ मारणं. ‘सेतू’सुद्धा मुळात बांधणं या अर्थाच्या धातूपासून. जुन्या संस्कृतात सेतू म्हणजे फक्त पूल नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तलाव-बंधाऱ्यांसारख्या पाण्याच्या कामांना सेतू म्हटलंय. ‘धरण’ मात्र ‘धृ’पासून, धरून ठेवणारं.

कोरडवाहू

मी पाटोद्याकडचा. बांधावरून आठवलं म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात बंडिंगवर होती. बंडिंग हा शब्द मी लहानपणापासून तिच्या तोंडून ऐकला. “बंडिंगवर होते तवा तुझा बाप पोटात होता.” शेतातून समपातळीत मातीचे बांध घालायचं दुष्काळी काम. पुरुषांनी टिकावानं खणायचं, बायांनी पाट्या टाकायच्या, संध्याकाळी खड्ड्याचं माप घ्यायचं, मस्टरवर अंगठा. दुपारी सुकडी मिळायची. मला कितीतरी वर्षं बंडिंग हा आमच्या भागातला मराठी शब्दच वाटायचा. कॉलेजात गेल्यावर कळलं की इंग्रजी आहे. आणि आता, हे सगळं वाचताना, मागं जाऊन बघितलं तर तो इंग्रजीही नाही.

आपला बन्ध आणि फारसीतला ‘बंद’ हे सख्खे. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी नदी-तळ्याच्या बांधाला ‘बंड’ म्हणायला सुरुवात केली. तो शब्द त्यांनी थेट चीनपर्यंत नेला. शांघाय शहरातला नदीकाठचा मोठा प्रसिद्ध रस्ता आहे ना, त्याचं नाव बंड, ते हेच. आणि त्याच बंडला इंग्रजी शेपूट लावून शेतकी खात्यानं बंडिंग केलं, ते फिरून माझ्या आजीच्या डोक्यावरच्या पाटीत येऊन पडलं. सरकारी कागदावर त्याला ‘बांधबंदिस्ती’ म्हणतात. त्यात तर दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे आहेत, एक संस्कृतकडून आलेला, एक फारसीकडून.

मास्तर, तुम्ही १९२७ चा पूर शिकवताय तर एक गोष्ट सांगाच. तिथं ग्रीनव्हिल गावात सगळं बुडालं तेव्हा कोरडी जागा एकच उरली होती, लेव्हीचा माथा. हजारो कृष्णवर्णीय मजूर आणि त्यांची कुटुंबं त्या अरुंद माथ्यावर तंबूत राहिली. त्यांना तिथून जाऊ दिलं नाही, बंदुकीच्या धाकानं लेव्हीच्या कामाला जुंपलं. मी हे वाचलं तेव्हा मला आजीच दिसली. तिला कुणी बंदूक दाखवली नव्हती. पण पोटात पोर असताना पाट्या टाकायला ती हौसेनंही गेली नव्हती. माती उचलतं कोण, हे शब्दात राहत नाही.

माजलगावची लेक

दादा, शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

सीनाकाठ

परांडा तालुका. मी फार लिहीत नाही, पण बांधाचं निघालं म्हणून सांगावं वाटलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पाणी आलं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आमची चार एकर खरडून गेली. उभं सोयाबीन गेलं, वरची माती गेली, खाली मुरूम उघडा पडला. पण मला सगळ्यात जास्त हादरा कशाचा बसला असेल तर बांध नव्हता. बांधावरची बाभळ नव्हती, हद्दीचा दगड नव्हता. चुलता आणि मी दोघं उभे होतो आणि आमचं कुठं संपतं, त्याचं कुठं सुरू होतं, हे दोघांनाही सांगता येईना. ज्या बांधावरून आमच्या बापजाद्यांनी बोलणं सोडलं होतं, नांगराच्या तासानं तू माझा बांध कोरलास म्हणून, तो बांधच राहिला नाही. चुलता म्हणाला, “आता रं?” मग दोघंही खाली बसलो.

मोजणी आणून बांध पुन्हा घातला. ट्रॅक्टरनं माती आणून दोघांनी मिळून.

म्हणून मास्तर, तुमचं म्हणणं मला पटतं. आपला बांध म्हणजे हद्द. पाणी अडवणं हे त्याचं दुसरं काम. नदीच्या लेव्हीला बांध म्हणालात तर पोरांच्या डोक्यात भांडण येईल, पूर येणार नाही.

पुरजळकर

हिंगोलीकडं शेताच्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. “धुऱ्यावरून कोर्टात गेले” हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आमच्याकडं नाही. म्हणजे हिंगोलीच्या पोरांना नदीसाठी ‘बांध’ चालेलही.

गंगथडी मास्तर

तीन दिवस घरी वायफाय नव्हतं, आत्ता सगळं एका दमात वाचलं. सीनाकाठ दादा, तुमच्या मजकुरावर काय लिहावं सुचत नाही. बांध दोघांनी मिळून घातलात, हे चांगलं झालं.

शब्दाचं अजून ठरत नाही. तटबंध कसा वाटतो?

पाटकरी

तटबंध अर्थानं अचूक आहे, तटाला बांधलेला. बिहारमध्ये कोसी नदीला दोन्ही बाजूंनी तेच आहेत. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळात कुसहा इथं तो फुटला आणि कोसी आपली वाट सोडून जुन्या पात्रानं गेली. पण शब्द हिंदीतून आलेला आहे, आपल्याकडं तो बातमीपुरता. बोलीत कुणी म्हणत नाही.

देगलूरचा वारा

मग ‘पाळ’ का नको? तळ्याची पाळ सगळे म्हणतात. “पाळीवरून जा.” “पाळीवर लिंब आहे.” ती लांब असते, मातीची असते, उंच असते, वरून माणसं-गुरं चालतात. लेव्हीचं वर्णन यापेक्षा वेगळं काय आहे?

अंबानगरी

पाळ हा जुना शब्द आहे. संस्कृतात पालि म्हणजे कडा, काठ, बांध. कानाच्या पाळीतली पाळी तीच, कानाची कडा. मला फार आवडेल.

पाटकरी

तांत्रिक हरकत एकच. तळ्याची पाळ पाण्याला आत ठेवते, लेव्ही बाहेर ठेवते.

कोरडवाहू

काका, बाहेर म्हणजे कुणाच्या बाहेर? पाण्यासाठी तर ती आतच ठेवणारी आहे.

पाटकरी

हो. बरोबर आहे तुमचं. हरकत मागं घेतो. मग असं करा मास्तर: नदीनं स्वतः घातलेला तो पूरतट, पुस्तकातला शब्द तसाच ठेवा, परीक्षेत तोच येणार. माणसानं घातलेली ती पाळ. नदीची पाळ.

गंगथडी मास्तर

आज वर्गात घेतलं. फळ्यावर आधी मोठ्या अक्षरात ‘उचल’ लिहिलं आणि विचारलं, उचल म्हणजे काय. अर्ध्या वर्गाचे हात वर. तीन पोरांचे आई-बाप आत्ता फडातच आहेत. मग सांगितलं की दूर एका देशात काठाची माती उचलली, तिलाही त्यांच्या भाषेत उचलच म्हणतात, आणि आबांनी दिली ती ज्वारीही त्याच शब्दाची. ती मुलगी लगेच म्हणाली, “म्हणजे आबा पण बरोबर?” म्हटलं, आबा पण बरोबर.

नंतर नदीची पाळ लिहिलं. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा सहसा बोलत नाही, त्यानं विचारलं, “सर, आपल्या गंगेला पाळ का नाही?” मी काही न सांगता सगळ्यांना नदीवर नेलं. पाणी उतरलेलं होतं. काठावर उभं करून खाली बघायला सांगितलं. पात्र चांगलं दोन-तीन पुरुष खाली. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं होतं, तेव्हा ते कुठवर चढलं होतं, ते देवळाच्या पायऱ्यांवर दाखवलं. पोरं पायऱ्या मोजत बसली.

परत येताना गावतळ्याच्या पाळीवरून आलो. एका पोरानं वाकून पाळीच्या पायथ्याचा ओलावा बघितला आणि ओरडला, “सर, पाझर हाय, पर पाणी साफ हाय!”